पाचवा कोपरा

शनिवार, ५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. आम्ही तिघे ठीक आहोत. तुम्ही दोघेही ठीक असाल असं दादाच्या चेहऱ्यावरून वाटतं. विचारलं की तो "बरं चाललंय" म्हणतो आणि औषधांची पिशवी देऊन गाडी चालू करतो. नऊ महिने होऊन गेले, तो उंबऱ्याच्या आत आलेला नाही.

आधी 'तुम्ही' घालून अर्धं पान लिहिलं होतं. वाचून बघितलं तर मुख्याध्यापकांना सुट्टीचा अर्ज केल्यासारखं वाटलं, म्हणून फाडलं. समोर होतीस तेव्हा 'तू' म्हणायचो, तेच लिहितो. चालत नसेल तर कळव, पुढच्या पत्रात दुरुस्त करीन. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी अडखळतो, आणि बोललेलं खोडता येत नाही. कागदावर येतं. शब्दकोश शेजारी ठेवला आहे. आठवीत शाळा सोडली तरी लिहिताना चूक झालेली मला चालत नाही, हे तुला माहीत आहे.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. तू कामावरच्या औषधांच्या दुकानातून पाठवतेस ते थेंब मी दिवसातून चार वेळा घालतो आणि कागदावर खूण करतो. डोळ्यावर पांढरी जाळीची वाटी लावलेली आहे. वाफ आणि धूर लागू द्यायचा नाही, वाकायचं नाही. त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आला आहे आणि चिराचिरी बाबांकडे. बाबा गाजर चिरतात ते बघून वाटतं की थंडीसाठी सरपण साठवताहेत.

आठ दिवस सूप, अंडी, उकडलेले बटाटे असं चाललं. नवव्या दिवशी मी आईला विचारलं, तुला काय खावंसं वाटतंय? ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ती भाजलेली मॅकरोनी व्हायची ना रविवारी." व्हायची. जशी काही आपोआप झाडाला लागायची. मी म्हटलं, वहिनीला विचारतो. तर म्हणाली, "तिला कशाला विचारायचं? पाकिटावर लिहिलेलं असतं."

पाकिटावर लिहिलेलं सगळं मी केलं. बारा मिनिटं लिहिलं होतं, स्टॉपवॉच लावून बरोबर बारा मिनिटं उकळली. बटर, मैदा, दूध, चीज हे सगळं तुझ्याकडे असायचं एवढं आठवत होतं, क्रम आठवत नव्हता. फ्रिजमधलं दूध एकदम ओतलं. मैद्याच्या गोळ्या झाल्या, त्या मी चमच्याने एकेक पकडत बसलो. सव्वीस सापडल्या. सगळं भाजून बाहेर काढलं तेव्हा मॅकरोनीची नळी अशी एकही उरली नव्हती. बाबांनी फक्त चाखून बघितली आणि म्हणाले, "चव चांगली आहे. कशाची आहे ते कळत नाही."

तेव्हा मला सांग, दूध कधी आणि कसं घालायचं. बारा मिनिटं चूक असतील तर किती. ओव्हनमध्ये वरच्या जाळीवर ठेवायचं की मधल्या. तू मोहरीची पेस्ट घालायचीस का, की तो वास मला उगीच आठवतोय.

आता खरं कारण लिहितो. टेबलाजवळ अजून पाच खुर्च्या आहेत. तुझ्या खुर्चीवर वर्तमानपत्रं असतात, दादाच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. एका रविवारी तुम्ही दोघांनी येऊन त्यांवर बसावं असं मला वाटतं. आई बोलावणार नाही आणि तू बोलावल्याशिवाय येणार नाहीस. दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून तर अडलंय.

त्या कोपऱ्याच्या प्रकाराबद्दलही लिहायचं होतं, पण कागदावरची जागा संपत आली आहे.

तुझा दीर,
मोजपट्टी

(पाकिटावर 'औषधांची यादी' असं लिहिलं आहे. आईला या पत्राबद्दल माहीत नाही.)


रविवार, १३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर बुधवारी मिळालं. पिशवी देताना दादा म्हणाला, "तुझी यादी फार जाड होती रे. आईला नक्की किती आजार आहेत?" मी पिशवी काखेत मारली. तो हसला नाही, पण आरशातून एकदा मागे बघितलं त्याने.

गोळ्यांच्या छोट्या पाकिटावर, 'सकाळी एक, रात्री एक' छापलेलं असतं त्याच्या मागे, तुझ्या बारीक अक्षरात: "मैदा बटरमध्ये दोन मिनिटं परत. दूध कोमट, थोडं थोडं. मॅकरोनी पाकिटापेक्षा तीन मिनिटं आधी काढ, उरलेली ओव्हनमध्ये शिजते. सॉस तुला वाटतो त्याहून पातळ ठेव, मॅकरोनी तो पिते. मोहरी अर्धा चमचा, बरोबर आठवतंय. मधली जाळी. घड्याळ बाजूला ठेव." वर 'प्रिय' नाही आणि खाली नाव नाही. मी ते बऱ्याच वेळा वाचलं. शेवटी ठरवलं की रागावलेल्या माणसाने "बरोबर आठवतंय" असं लिहिलं नसतं.

आज केली. दूध कोमट होतं, एकही गोळी झाली नाही. चमच्याच्या पाठीवर सॉस धरला, बोटाने रेघ ओढली, रेघ तशीच राहिली. तू अशीच रेघ ओढून मग बोट चाटायचीस. मीही चाटलं. नऊ मिनिटांनी मॅकरोनी काढली, दाताखाली थोडी कच्ची लागली, घाबरलो, पण तुझ्यावर विश्वास ठेवला. घड्याळ मात्र बाजूला ठेवता आलं नाही. उलटं करून ठेवलं.

चुकलं ते चीजमध्ये. सॉस उकळत असतानाच सगळं चीज घातलं आणि चांगलं मिसळावं म्हणून उकळतच ठेवलं. ते रव्यासारखं दाणेदार झालं आणि वर तेल सुटलं. तरी आईने अख्खा तुकडा खाल्ला. मग म्हणाली, "जवळ आलंय." कशाच्या जवळ, ते सांगितलं नाही.

मागच्या पत्रात जागा संपली असं लिहिलं होतं. तू पान उलटलं असशील तर मागची बाजू पूर्ण कोरी होती. ते खोटं होतं. आज लिहितो.

गेल्या नोव्हेंबरातला तो रविवार. तुझा चौकोनी ट्रे, नेहमीसारखे सहा तुकडे व्हायचे होते, तीन उभे, दोन आडवे. कापायचं काम माझं. मी धुतलेली स्टीलची पट्टी घेऊन बसलो. ट्रे टेबलावर आला तर एक कोपरा आधीच गायब. ओव्हनजवळ सकाळभर तू एकटी होतीस. आणि मी काय केलं? मोठ्याने म्हणालो, "एक कोपरा गेलाय," आणि त्या रिकाम्या जागेत पट्टी घालून मोजलं. "दहा बाय दहा." दादा हसला. मलाही ती गंमतच वाटत होती. मग आईने हातातला चमचा खाली ठेवला आणि तुझ्याकडे बघून म्हणाली, "भूक लागली असेल तर सांगून खावं. या घरात कुणी कुणाला उपाशी ठेवत नाही."

तू काहीच बोलली नाहीस. सगळ्यांना वाढलंस. दादा ताटावरून उठला.

याच्या पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू वाढत होतीस तेव्हा बाबांनी चष्मा पुसायला चष्म्याची डबी उघडली. डबीतल्या फडक्यावर कोपऱ्याची कड होती, ती कडक, तपकिरी, दोन बोटं लांब. नंतर सावकाश खायला ठेवलेली असणार. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांचं बटर आणि चीज बंद केलं होतं आणि त्यांच्या ताटात उकडलेली गाजरं होती. बाबांनी डबी मिटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. बाबांना घाबरलो, आईला घाबरलो, आणि रात्रीपर्यंत सगळं निवळेल असं वाटलं. दीड महिन्याने तुम्ही दुकानाजवळ घर घेतलं. सगळ्यांना सांगितलं गेलं की तुला कामावर जायला सोयीचं. तुमचं कपाट मीच खाली उतरवलं, जिन्यात कुठे घासू नये म्हणून सगळी वळणं मोजली, आणि तेव्हाही बोललो नाही.

याची माफी कशी मागतात ते शब्दकोशात नाही. मी बघितलं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. पाच माणसं आणि चार कोपरे, त्यामुळे दर रविवारी कुणीतरी मधला तुकडा घ्यायचं. तू घ्यायचीस. "मला मऊच आवडतो," म्हणायचीस, आणि मी ते खरं मानून गणित मिटवलं होतं. आज भांडी घासताना आठवलं: सगळे उठल्यावर तू सिंकपाशी उभी राहून रिकाम्या ट्रेच्या कडा चमच्याने खरवडून खायचीस. मऊ आवडणारं माणूस असं खरवडत नाही.

म्हणून उद्या कामावर, वर्कशॉपमध्ये, आमच्या मिस्त्रींकडे पत्र्याचा एक तुकडा मागणार आहे. कशासाठी ते जमलं तर सांगेन.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. चीजचं तेवढं कळव.

तुझा,
मोजपट्टी


रविवार, २० ऑक्टोबर, दुपार

प्रिय वहिनी,

हे पत्र घाईत लिहितोय. काना, मात्रा चुकले तर सांभाळून घे. घाई का, ते शेवटी येईल.

तुझी चिठ्ठी काल मिळाली. मी ती इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मला नीट कळली आहे हे तुला कळेल. "तो कोपरा मीच त्यांना काढून दिला होता. डॉक्टरकडून आल्यापासून ओव्हनभोवती घिरट्या घालत होते. बोलू नकोस म्हणाले, म्हणून बोलले नाही. मला वाटलं ते स्वतः बोलतील. आणि तू डबीकडे बघितलंस ते मी बघितलं होतं. मला वाटलं, तू तरी. चीज गॅस बंद करून मग घाल."

"तू तरी" या दोन शब्दांवर मी बराच वेळ बसलो होतो.

मग, सवयीने, मोजलं. त्या रविवारी बाबांना मॅकरोनी बंद. म्हणजे खाणारे चार. कोपरेही चार. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक कोपरा तुझ्या वाट्याला येणार होता, आणि तू तोच बाबांना दिलास. मी दहा बाय दहा मोजलं, पण तो कुणाचा होता हे मोजलंच नाही.

आता पत्र्याचं सांगतो. सोमवारी मिस्त्रींना म्हटलं, मला पाच कोपऱ्यांचा ट्रे करायचा आहे. ते म्हणाले, "का रे, घरात कोपरे कमी पडले?" मी म्हटलं, हो. ते पत्रे चाळत म्हणाले, "जस्ताचा पत्रा घेऊ नकोस, खाण्याला चालत नाही. तो स्टेनलेसचा उरलाय तो घे. आणि कोपरे शिशाच्या डागाने जोडू नकोस, पाकिटासारखी घडी घाल." पाच बाजू सारख्या हव्या असतील तर प्रत्येक कोपरा एकशे आठ अंशांचा येतो. ते मी शाळेत शिकलो नव्हतो, मिस्त्रींनी खडूने फरशीवर काढून दाखवलं. पहिला ट्रे वाकडा झाला, त्यात आता वर्कशॉपचे स्क्रू ठेवतात. दुसरा बरोबर झाला. पाणी भरून दुपारभर वर्तमानपत्रावर ठेवला. कागद कोरडा राहिला.

या ट्रेचा फायदा असा की मधोमध एक टिंब धरायचं आणि तिथून प्रत्येक बाजूच्या मध्यापर्यंत सुरी न्यायची. पाच तुकडे, प्रत्येकाला एक कोपरा. मधला तुकडा असा प्रकारच नाही.

आज सकाळी केली. गॅस बंद केला, दहापर्यंत मोजलं, मग किसलेलं चीज मुठीमुठीने घातलं. सॉस गुळगुळीत झाला, इतका की त्यात खिडकी दिसत होती. वर बटरमध्ये घोळलेला ब्रेडचा चुरा. ओव्हनमध्ये कडेने बुडबुडे आले, रंग चढला. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं असतं हे तू लिहिलं नव्हतंस, ते मला आठवलं. तू ओव्हनपुढे हात आडवा धरून दादाला अडवायचीस.

टेबलावर पाच ताटं मांडली. वर्तमानपत्रं आणि कपडे काढले. आई म्हणाली, "पाहुणे यायचेत का?"

मी म्हटलं, "यायला हवेत."

मग उभा राहूनच बोललो. बसलो असतो तर पुन्हा ताटाकडे बघितलं असतं. "आई, त्या रविवारी कोपरा वहिनीने खाल्ला नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी गप्प बसलो. माझं एवढंच आहे. बाकीचं ज्याचं आहे त्याने सांगावं."

"मग कुणी खाल्ला, उंदराने?"

बाबांनी मीठ पुढे ओढलं. परत मागे सारलं. मग खिशातून चष्म्याची डबी काढून टेबलावर ठेवली आणि उघडली. आत काही नव्हतं, नुसतं फडकं.

"यात होता," बाबा म्हणाले.

"अख्खा?"

"कड तेवढी. बाकीचा तिथेच उभ्याने खाल्ला."

"आणि तिने बघितलं?"

"तिनेच दिला. मी तिला सांगितलं, बोलू नको."

आईने एका डोळ्याने आधी डबीकडे बघितलं, मग बाबांकडे. शेवटी ती म्हणाली, "अकरा महिने माझ्यासमोर बसून गाजरं चावताय, आणि मी त्या पोरीला..." वाटीखाली बोट घालून डोळा पुसायला निघाली होती, मी तिचा हात धरला. डॉक्टरांनी चोळायला मनाई केली आहे.

मग तिने माझ्या हातातून सुरी घेतली. मी पट्टी पुढे केली. "ठेव ती बाजूला," म्हणाली. "भूमिती पुरे झाली." आणि एका डोळ्याने पाच तुकडे केले. वहिनी, ते तू बघायला हवे होतेस. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. मला बघवेना.

बाबांनी ताट पुढे केलं. डॉक्टर आता महिन्यातून एकदा थोडं चालेल म्हणालेत, बाबा बरेच दिवस वाट बघत होते. आईने ताट तसंच परत सरकवलं. "तुमचा कोपरा खाऊन झालाय. तिचा खाल्लात, आता तुमचा तिला जाईल."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "ट्रेचं काय?"

आईने त्यांना चमचा दिला. बाबांनी सिंकपाशी उभं राहून ट्रेच्या पाचही कडा खरवडल्या. आई त्यांच्या पाठीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतेय. हसत होती.

मग मला म्हणाली, "लिही तिला. पुढच्या रविवारी दोघं जेवायला या." मी दचकलो, तर म्हणाली, "औषधांची यादी चार चार पानं असते होय रे? माझा एकच डोळा झाकलेला आहे." मी कागद घेतला. तेवढ्यात ती म्हणाली, "नाही, असं लिही, आईने बोलावलंय. आणि येताना काही करून आणू नकोस म्हणावं. बसायला ये म्हणावं." तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. एकही शब्द दुरुस्त केलेला नाही.

आता घाईचं कारण. हे पत्र डब्याच्या झाकणावर दोऱ्याने बांधून येतंय, दादाच्या गाडीतून नाही. बाबा आणताहेत. बूट घालून दाराशी उभे आहेत आणि दर मिनिटाला विचारताहेत, "झालं का?" जिना चढून आल्यावर ते दाराबाहेर जरा वेळ थांबतील. दम लागला म्हणून नाही. काय बोलायचं ते तोंडात जुळवत असतील. आत घ्यायची घाई करू नकोस, जुळवू दे. पण मग घे.

डब्यात तीन तुकडे आहेत. एक दादाचा, दोन तुझे. कडा अजून कडक आहेत, गरम करायचे झाले तर झाकण न ठेवता कर. सारखे नाहीत, एक तर सगळ्यात मोठा आहे. किती मोठा, ते मी मोजलेलं नाही.

पुढच्या रविवारी, एक वाजता, तुझी खुर्ची मोकळी करून ठेवणारा,

तुझा मोजपट्टी